शार्कच्या गळ्यात पट्टा का नसतो

सर, तुमच्या आठवीतल्या मुलीनं विचारलंय: टिपेश्वरच्या वाघाच्या गळ्यात पट्टा होता म्हणून तो बुलढाण्यापर्यंत गेल्याचं कळलं, मग समुद्रातल्या शार्कला काय घालतात? तो किती खोल जातो, आणि जिथं ना झाड ना डोंगर तिथं वाट कशी काढतो, हे माणसाला कळतं तरी कसं? यातल्या खोलीच्या भागाचं उत्तर पक्कं आहे. वाटेच्या भागावर अजून भांडणं चालू आहेत. टीव्हीवर दोन्ही एकाच ठाम आवाजात सांगतात, म्हणून मी ते वेगवेगळं करून सांगतो.

मी वीसेक वर्षं हेच काम केलं. पहिली दहा बोटीवर, शार्क कडेला आणून टॅग, म्हणजे नोंदी ठेवणारं छोटं यंत्र, लावण्यात. गुडघ्यांनी दगा दिल्यावर उरलेली संगणकापुढं, त्या टॅगांनी पाठवलेले आकडे वाचण्यात. आता दर्यापूर तालुक्यात घरची तूर आणि हरभरा बघतो. गावात माझी ओळख ‘समुद्रात मासे मोजायचे ते’ अशी आहे, आणि ती फारशी चूकही नाही.

आधी वाघ. ‘वॉकर’ नावाचा तो नर २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघाला, मराठवाडा आणि तेलंगणाची धूळ तुडवत ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सगळी भटकंती मोजली तर सुमारे ३,००० किलोमीटर भरते. पट्ट्यातलं जीपीएस उपग्रहांचे संदेश ऐकून स्वतःची जागा ठरवत होतं आणि ती जागा वर कळवत होतं. वाघ पऱ्हाटीत बसलेला असो की नाल्यात, त्याच्या डोक्यावर आभाळ होतं.

शार्कच्या डोक्यावर पाणी असतं, तेही खारं. आपण खारपाणपट्ट्यातली माणसं, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, तेव्हा खारं पाणी काय चीज आहे ते आपल्याला सांगायला नको. ते वीज छान वाहून नेतं, आणि जे वीज वाहून नेतं ते रेडिओलहरी गिळून टाकतं. जीपीएसचा संदेश समुद्रात काही सेंटिमीटरच्या आत मरतो. त्यामुळं पाण्याखालचा शार्क ‘आत्ता कुठं आहे’ हे कुठलाच उपग्रह सांगू शकत नाही. आणि गळा म्हणाल तर त्याला गळाच नसतो. पट्टा अडकणार कशाला?

मग दोन वाटा उरतात. पहिली, पाठीवरच्या पंखाला टॅग बोल्टनं बसवायचा. तो पंख पाण्याबाहेर आला की टॅगवरची कोरडं-ओलं ओळखणारी कळ जागी होते आणि आर्गोस नावाच्या उपग्रहयंत्रणेकडे हाक जाते. उपग्रह साधारण ८५० किलोमीटर उंचीवरून ध्रुवाकडून ध्रुवाकडे धावत असतो. जवळ येणाऱ्या आगगाडीच्या शिट्टीचा सूर चढतो आणि लांब जाताना उतरतो ना, तसा त्या हाकेच्या सुरातला बदल मोजून जागा काढतात. वारंवार वर येणाऱ्या जातींना हे छान जमतं. पण जो शार्क महिना महिना पंख दाखवत नाही, त्याच्यापुढं ही पद्धत मुकी होते.

दुसरी वाट म्हणजे पॉप-अप टॅग. माझं आयुष्य याच्यात गेलं. मक्याच्या कणसाएवढी वस्तू, खाली बोंडासारखा फुगीर तरंगता भाग, वर एक तार. लांब काठीच्या टोकानं त्याचा छोटा आकडा शार्कच्या पाठपंखाच्या बुडाशी स्नायूत रुतवायचा. त्यानंतर टॅग महिनोन्‌महिने मुकाट मागं फरफटत जातो आणि दर काही सेकंदांनी तीन गोष्टी लिहून ठेवतो: पाण्याचा दाब, पाण्याचं तापमान आणि उजेड. ठरलेल्या दिवशी तो स्वतःच्या अडकवणीच्या पिनेत वीज सोडतो, खाऱ्या पाण्यात ती पिन काही तासांत गंजून तुटते, टॅग वर येतो आणि लाटांवर डुलत उपग्रहाला आपली वही वाचून दाखवू लागतो.

वाचून दाखवतो म्हणजे काय, तर एका संदेशात फार तर ३२ बाइट. म्हणजे तुमच्या मुलीच्या प्रश्नातलं अर्धं वाक्यसुद्धा त्यात मावणार नाही. बॅटरी संपेपर्यंत तुकड्या-तुकड्यानं जेवढं जाईल तेवढं जातं, तेही गाळीव सारांशाच्या रूपात. पूर्ण वही हवी असेल तर टॅग हातात यावा लागतो. म्हणून आम्ही टॅगवर बक्षिसाची ओळ छापायचो. एकदा तरंगत्या टॅगचे ठिपके किनाऱ्यावरून सरळ जमिनीवर चढले, गावात शिरले आणि एका जागी ठाण मांडून बसले. कोणा मच्छीमाराच्या पोरानं तो उचलून घरच्या फळीवर ठेवला होता. आमचा माणूस गेला, चहा प्याला, बक्षीस दिलं आणि टॅग घेऊन आला. त्या एका टॅगमध्ये जेवढं सापडलं तेवढं उपग्रहाकडून आलेल्या दहा टॅगांत नव्हतं. असा एक टॅग रुपयांत तीन-चार लाखांना पडतो, आणि त्यातले कितीतरी ठरल्या दिवसाआधीच सुटून येतात. माझा सगळ्यात लवकर सुटलेला अकराव्या दिवशी वर आला होता. मोहीम महिन्याभराची, आणि हाती अकरा दिवस. त्या रात्री कोणी जेवलं नाही.

आता खोली. दाबावरून खोली काढणं हा या कामातला सगळ्यात भरवशाचा भाग. समुद्रात दर १० मीटरला एक वातावरण दाब वाढतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो. भरलेल्या विहिरीत सूर मारून तळाची माती आणायची पैज आपण सगळ्यांनी लावली आहे, तिथं चाळीस फुटांवर कान ठणकतात. तो दाब फक्त एका वातावरणाहून जरासा जास्त. मेक्सिकोच्या आखातात टॅग लावलेला एक देवमासा-शार्क, म्हणजे व्हेल शार्क, १,९२८ मीटरपर्यंत गेल्याची नोंद आहे. तिथं अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर जवळपास दोन क्विंटलचं ओझं पडतं. सव्वा-दीड किलोमीटरवर गेलेले आकडे मी स्वतः पडद्यावर पाहिले आहेत, आणि पहिल्यांदा पाहिले तेव्हा सेन्सर बिघडला असं समजून तासभर वाया घालवला होता. टॅगही याहून फार खोल टिकत नाही. म्हणून काही टॅगांना सुमारे १,८०० मीटरला आपोआप दोरी कापणारी छोटी कात्री लावलेली असते, नाहीतर मेलेला शार्क तळाला जाताना टॅगलाही चिरडून नेतो.

मेमध्ये विहिरीत उतरलात की वरचं हातभर पाणी कोमट आणि खाली एकदम थंडगार लागतं. समुद्रातही तेच, फक्त मोठ्या मापावर. म्हणून दाब आणि तापमान एकत्र वाचायचे असतात. आणि एखादा टॅग भलतंच सांगू लागला तर त्याचाही अर्थ लावता येतो. अमेरिकेच्या केप कॉडजवळ २०२० मध्ये एका गाभण पोरबीगल शार्क मादीला टॅग लावला होता. काही महिन्यांनी त्या टॅगनं लिहिलं की खोली १५० ते ६०० मीटरमध्ये वरखाली होतेय, पण तापमान मात्र चार दिवस २२ अंशांच्या आसपास खिळलंय. एवढ्या खोलीवर पाणी असं एकसारखं कोमट राहत नाही. टॅग कोणाच्या तरी उबदार पोटात होता. मादी गेली, टॅग गिळला गेला, चार दिवसांनी बाहेर पडला आणि बर्म्युडाजवळून बोलू लागला. खाणारा पांढरा शार्क असावा किंवा माको जातीचा शार्क. समुद्रात कोणी पंचनामा करायला जात नाही, पण हे आकडे पंचनाम्याहून कमी नाहीत.

जागा काढणं मात्र अवघड, आणि इथंच बहुतेक लोक फसतात. टॅग जागा काढतो ती उजेडावरून. सूर्य उगवला किती वाजता, मावळला किती वाजता, दोन्हींच्या मध्यावर स्थानिक दुपार. पृथ्वी दर चार मिनिटांना एक अंश फिरते, म्हणून गोंदियाची दुपार बुलढाण्याच्या आधी साधारण १६ मिनिटं होते. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण सूर्याला घड्याळ माहीत नाही. दुपारवरून रेखांश निघतो, दिवस किती लांब यावरून अक्षांश. पुस्तकात एवढंच लिहिलेलं असतं.

एका मार्चमध्ये सुटीवर येताना भंगारात काढलेला एक टॅग मी बॅगेतून गावी आणला आणि ओसरीच्या खांबाला बांधला. आई म्हणाली, “काहून बांधलं रे हे खांबाले?” म्हटलं, “सूर्य कधी निंगते, कधी बुडते ते पायते हे.” तिनं तांदूळ निवडता निवडता उत्तर दिलं, “थे त कोंबडाबी सांगते.” आठ दिवसांनी आकडे उतरवले तर रेखांशानुसार आमचं गाव जगन्नाथपुरीला पोचलं होतं. कारण सरळ होतं: ओसरी पूर्वेला, पाठीमागं घर आणि निंब. सकाळचा उजेड वेळेवर मिळाला, संध्याकाळ मात्र तासाभराहून जास्त लवकर झाली, म्हणून ‘दुपार’ अलीकडे सरकली आणि गाव साडेआठ अंश पूर्वेला गेलं. मग टॅग छतावर डिशच्या खांबाला नेऊन बांधला. रेखांश अर्ध्या अंशाच्या आत बरोबर आला. अक्षांश मात्र एक दिवस श्रीलंका, एक दिवस काश्मीर. मार्चच्या विषुवदिनाच्या आगेमागे सगळ्या पृथ्वीवर दिवस बारा तासांचा असतो, मग त्यावरून तुम्ही उत्तरेला आहात की दक्षिणेला हे कसं कळणार?

हे झालं हलत नसलेल्या खांबाचं. शार्क तर नेमका पहाटे खाली जातो आणि संध्याकाळी वर येतो, म्हणजे ज्या दोन वेळांचा उजेड हवा त्याच दोन वेळांना तो टॅगवर अंधार टाकतो. माझ्या ओसरीनं केलं तेच तो रोज करतो. मग आम्ही टॅगनं नोंदलेलं पृष्ठभागाचं तापमान उपग्रहानं मोजलेल्या समुद्राच्या तापमानाशी ताडून बघतो, एका दिवसात शार्क किती पोहू शकतो याची मर्यादा घालतो, आणि संगणकाला त्यातून सगळ्यात संभाव्य वाट काढायला लावतो. इतकं करूनही एखाद्या दिवसाची चूक शंभर किलोमीटर असू शकते. टीव्हीवर समुद्राच्या नकाशावर जी बारीक लाल रेघ दाखवतात ती खरं तर अमरावती जिल्ह्याएवढ्या रुंदीचा पट्टा असते. खोलीचा आलेख हा पुरावा आहे, नकाशावरची रेघ हा अंदाज. मी वीस वर्षं हे वाक्य नव्या मुलांना सांगत आलो आणि वीस वर्षं ती मुलं रेघेच्याच प्रेमात पडत आली.

तरी काही गोष्टींवर पन्नास-शंभर किलोमीटरच्या चुकीनं काही फरक पडत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नोव्हेंबर २००३ मध्ये निकोल नावाच्या पांढऱ्या शार्क मादीला पॉप-अप टॅग लावला. ९९ दिवसांनी तो पश्चिम ऑस्ट्रेलियाजवळ वर आला. ११,१०० किलोमीटर, म्हणजे ताशी ४.७ किलोमीटर, रात्रंदिवस, न थांबता. वाटेत ती ९८० मीटर खोल, ३.४ अंश तापमानाच्या पाण्यात गेली होती. आणि ऑगस्ट २००४ मध्ये ती परत आफ्रिकेच्या त्याच किनाऱ्यावर दिसली. टॅग तर कधीच सुटला होता. तिला ओळखलं ते पंखाच्या मागच्या कडेवरच्या खाचांच्या फोटोवरून, जसं आपण कान फाटलेली म्हैस बाजारात ओळखतो. भरकटत जाणारं जनावर असं जाऊन परत येत नाही.

आता तो खाली-वर का करतो? पहिलं कारण पोट. दिवसा मासे आणि माकूल अंधाऱ्या थरात उतरतात, रात्री वर येतात, शार्क त्यांच्यामागं जातो. दुसरं कारण शरीराचा हिशेब. शार्कला हवेची पिशवी नसते, तेलकट यकृत थोडं उचलून धरतं, तरी बहुतेक जाती पाण्यापेक्षा जड पडतात. त्यामुळं खाली जाताना शेपटी न हलवता घसरत जाता येतं, वर येताना तेवढी मेहनत करायची. चिखलदऱ्याहून परतवाड्याला सायकलनं उतरलात तर पायडल मारावं लागत नाही, तसं. टॅगमध्ये हालचाल मोजणारा सेन्सर घातल्यावर शेपटीचा एकेक फटका दिसू लागला आणि हे घसरणं उघड झालं. पण हवाईजवळच्या काही खोलपाण्याच्या शार्कांच्या नोंदींत उलटच निघालं: ते पाण्यापेक्षा हलके होते, वर येताना घसरत होते आणि खाली जाताना शेपटी मारत होते. आमच्या धंद्यात ‘सगळे शार्क’ म्हणून वाक्य सुरू केलं की कुठला तरी एक शार्क त्याला खोटं पाडतोच.

मला सगळ्यात आवडलेली नोंद हातोडीतोंड्या शार्कची आहे, २०२३ मध्ये छापून आलेली. हवाईजवळ तो रात्री ८०० मीटरपेक्षा खोल जातो. वर पाणी २६ अंशांच्या आसपास, खाली ५ अंश. कल्ले म्हणजे रक्त थंड करणारा रेडिएटरच, एवढ्या थंडीत काही मिनिटांत अंग गारठायला हवं. पण स्नायूतल्या सेन्सरनं सांगितलं की अंग जवळजवळ वरच्याइतकंच गरम राहतं, आणि वर येताना मध्येच ते एकदम उतरतं. अर्थ एवढाच निघतो की तो खाली जाताना कल्ले मिटून घेतो, म्हणजे मासा श्वास रोखून धरतो! टांझानियाजवळ १,०४४ मीटरवर असाच एक शार्क कल्ले मिटून पोहताना कॅमेऱ्यात आधीच सापडला होता. विहिरीत सूर मारणाऱ्या पोट्ट्यांसारखंच, फक्त याचा श्वास पाण्यातला आहे.

वाट काढण्याच्या प्रश्नावर टॅग आपल्याला दारापर्यंत नेतो, आत नेत नाही. कारण शार्क सरळ गेला एवढंच रेघ सांगते, कशाच्या आधारानं गेला ते सांगत नाही. त्यासाठी जनावराची एकेक इंद्रियं बंद करून बघावी लागतात. कॅलिफोर्नियात बिबट्या-शार्क किनाऱ्यापासून नऊ किलोमीटर आत नेऊन सोडले. काहींच्या नाकपुड्यांत व्हॅसलिन लावलेला कापूस कोंबला होता. मोकळ्या नाकाचे बहुतेक वळून किनाऱ्याकडे निघाले, नाक बंद असलेले जास्त भरकटले. मला असल्या प्रयोगांचा लाखांच्या टॅगांपेक्षा जास्त हेवा वाटतो. कापूस आपल्याकडे काय कमी आहे?

पण नाक बंद असलेलेही काही प्रमाणात किनाऱ्याकडे सरकले, म्हणजे नाकाखेरीज आणखी काही आहे. शार्कच्या तोंडाभोवती बारीक छिद्रं असतात, आत जेलीसारखा पदार्थ. स्टेफानो लोरेन्झिनीनं ती १६७८ मध्ये वर्णिली, आणि ती वीज ओळखतात हे तीनशे वर्षांनी कळलं. चुंबकीय क्षेत्र जाणवण्याचा संबंध बरेच जण याच छिद्रांशी जोडतात, पण तसं सिद्ध झालेलं नाही. चुंबकाची जाणीव आहे यावर मात्र २०२१ मध्ये बळकट पुरावा मिळाला. फ्लोरिडात बोनेटहेड नावाचे छोटे शार्क तारेच्या वेटोळ्यांच्या चौकटीत ठेवले आणि वीज सोडून चौकटीत सुमारे ६०० किलोमीटर दक्षिणेकडचं चुंबकीय क्षेत्र तयार केलं. शार्क उत्तरेकडे, म्हणजे घराकडे तोंड करून पोहू लागले. उत्तरेकडचं क्षेत्र दिल्यावर मात्र ते कुठंच रोखून गेले नाहीत. बहुधा तिकडं ते कधी गेलेच नव्हते, म्हणून त्यांच्या डोक्यात त्या जागेचा नकाशा नव्हता. मला यातला हा ‘नाही’चा भाग जास्त पटतो.

त्याआधी क्लिमले नावाच्या शास्त्रज्ञानं कॅलिफोर्नियाच्या आखातात हातोडीतोंडे रात्री पाण्याखालच्या डोंगरापासून निघून समुद्रतळाच्या चुंबकीय कडा धरून जातात असं दाखवलं होतं, जसे आपण अंधारात धुरा धरून चालतो. मग खोल बुडीचाही या वाट काढण्याशी संबंध असेल का? तळाच्या जवळ चुंबकीय फरक जास्त ठळक असतात, वेगवेगळ्या थरांत वेगवेगळे वास वाहतात, म्हणून खाली-वर करणं म्हणजे वाट विचारत जाणंही असू शकतं. कल्पना छान आहे. मी मात्र तिच्यावर अजून सही करत नाही, कारण तोच आलेख भुकेनंही तसाच दिसतो आणि काटकसरीनंही.

वर्गात काही करून बघायचं असेल तर टॅगची गरज नाही. मैदानात उघड्यावर एक सरळ काठी रोवा आणि तिच्याभोवती दोरीनं वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला टेकतं ती वेळ लिहा, दुपारनंतर ते पुन्हा टेकतं ती लिहा. दोन्हींचा मध्य म्हणजे तुमच्या शाळेची खरी दुपार. दर्यापूरला ती वर्षाच्या सरासरीत १२ वाजून २१ मिनिटांच्या आसपास पडते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून ५ च्या जवळ येते, फेब्रुवारीत १२:३५ ला जाते, तेव्हा आकडा वेगळा आला म्हणून पोरांना रागावू नका. गोंदियाकडे एखादे सर ओळखीचे असतील तर त्यांना त्याच दिवशी तेच करायला सांगा. दोन्ही दुपारींत साडेअकरा मिनिटांच्या आसपास फरक यायला हवा. आणि काठी शाळेच्या भिंतीजवळ रोवू नका, नाहीतर दुपारनंतर भिंतीचीच सावली वर्तुळावर येऊन बसेल.